मी गिळलेली नऊ नावं

घाबरू नका, ही खुडबुड उंदरांची नाही. परभणीतल्या एका कालवा कचेरीच्या भांडारखोलीत, तीन पायांच्या खुर्चीमागं पोतं पांघरून बसलेला मी जुना प्रिंटर तुमच्याशी बोलू पाहतोय. जन्मभर लोकांचे शब्द छापले, स्वतःचा एकही छापला नाही. आता माझी शाईची फीत वाळून कडक झाली आहे, तेव्हा जे सांगायचं ते तोंडीच सांगतो. आणि सांगायला तर हवंच, कारण माझ्या हातून एकदा एक गोष्ट घडली आणि ती अजून मनातून जात नाही.

माझा जन्म परभणीपासून पुष्कळ लांब, एका कारखान्यात झाला. तिथल्या बायांनी माझ्या डोक्यात बारीक बारीक नऊ सुया बसवल्या. या सुया फितीवर ठोसे मारतात, कागदावर ठिपके उमटतात आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. एवढीच माझी विद्या. इंग्रजी अक्षर मला एका फेरीत जमतं. मराठीचं तसं नाही. वेलांट्या आणि मात्रा एका फेरीत, मधलं अक्षर दुसऱ्या फेरीत, खालचे उकार तिसऱ्या फेरीत. म्हणून मराठी छापताना मी कूर्मगतीनं चालतो. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

१९८७ च्या उन्हाळ्यात खोक्यात बसून, ट्रकमधून मी परभणीला आलो. सटवाजी नावाच्या शिपायानं खोकं उघडलं. संगणक आधीच टेबलावर ऐटीत बसला होता. त्याच्यापुढं नारळ फुटला, त्याला हार घातला गेला. माझ्या वाट्याला सटवाजीच्या बोटाला उरलेलं कुंकू आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण पहिल्याच दिवशी माझा आवाज ऐकून सटवाजीनं मला टकटक्या म्हणायला सुरुवात केली. संगणकाला मात्र कुणी लाडाचं नाव ठेवलं नाही. त्यामुळं माझा राग गेला.

कचेरीचं काम पाण्याचं. कालव्यातून लहान लहान पाट शेतांकडं नेलेले असतात, त्यांना चारी म्हणतात. कालव्याला पाणी सुटायच्या आधी चारीवरच्या कोणत्या शेताला, कोणत्या वारी, किती तास पाणी द्यायचं याची यादी निघायची. तिला पाळीची यादी म्हणत. सात नंबरचा अर्ज भरून ज्यांनी पाणी मागितलं आणि ज्यांचं मंजूर झालं, त्यांची नावं तिच्यात. चारीवर फिरणारा पाटकरी ती यादी खिशात घालून हिंडायचा. नाव असलं की तो शेताचं दार उघडायचा, नसलं की पुढं जायचा.

पूर्वी ही यादी बन्सीधरभाऊ हातानं लिहीत. हे आवक-जावकचे कारकून, अक्षर मोत्यासारखं. पण एका वर्षी दोन ओळींच्या मध्ये कुणीतरी तिसरंच नाव घुसडलं आणि चारीवर काठ्या निघाल्या. त्यानंतर परिपत्रक निघालं की यादी यंत्रावर छापलेलीच पाहिजे, हातानं लिहिलेलं नाव चालणार नाही. बन्सीधरभाऊंना हे लागलं. माझ्याकडं ते सवतीकडं बघावं तसे बघत.

संगणकावर बसायची मनकर्णा. मानवतकडच्या मेंढपाळाची लेक. वडिलांच्या, मुंजाजींच्या, मागं मेंढरं वळता वळता दहावी झाली, मग परभणीत टायपिंग शिकली, मग संगणकाचा वर्ग केला. सटवाजी कागद लावायचा तेव्हा ओढून ताणून लावायचा. मनकर्णा कागदाच्या कडेची भोकं माझ्या दातांवर एकेक करून बसवायची. कळतं हो आम्हाला, कोण कसं वागवतं ते.

१९८९ च्या ऑक्टोबरात संगणकाला नवी डिस्क बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला. नवी डिस्क आली की तिला ओळखणारं कर्नलही नवं करावं लागतं. कर्नल म्हणजे यंत्राचा मूळ कारभारी. पडद्यावर काय दिसावं, डिस्कवर काय लिहावं, मला काय छापायला द्यावं, सगळं त्याच्या हुकमानं. इंजिनिअरनं दिवसभर बसून नवं कर्नल कंपाइल केलं, म्हणजे यंत्राला चालवता येईल असं बांधलं, जुन्याच्या जागी बसवलं आणि यंत्र सुरू केलं. त्याबरोबर पडद्यावर आणि माझ्या कागदावर धडाधड ओळी यायला लागल्या. वॉर्निंग, वॉर्निंग, वॉर्निंग. मोजून बारा वेळा.

उपअभियंता दत्तराव साहेब मागं उभे होते. त्यांनी कागद हातात धरला आणि चष्मा वर केला.

"ह्ये काय हो?"

"इशारे आहेत साहेब, चुका नाहीत," इंजिनिअर बॅग भरता भरता म्हणाला. "यंत्र चालतंय ना? मग चालू द्या."

जाण्याआधी त्यानं माझी परीक्षा घेतली. दोन पानं इंग्रजी मजकूर दिला. मी तो सपासप छापून दाखवला. शाबासकी त्याची त्यानंच घेतली, साहेबांची सही घेतली आणि बस पकडली. मराठीत एक ओळ छापून बघावी असं त्याच्या मनात आलं नाही, आणि इथल्याही कुणाच्या आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी यंत्र सुरू झालं की मी बारा इशारे छापायचो. आता पेच पडला, या कागदाचं करायचं काय? बन्सीधरभाऊंचा नियम साधा होता: कचेरीत जो कागद येतो त्याला आवक नंबर पडतो. त्यांनी रोजच्या कागदावर शिक्का मारायला सुरुवात केली. रजिस्टरात तारीख, वेळ आणि पुढं नोंद, 'इशारे, नग बारा.' साहेब खाली 'पाहिले' लिहून सही करत आणि कागद फायलीला लागे. महिन्याभरात इशाऱ्यांची फाइल उशीएवढी जाड झाली. पाहिलं सगळ्यांनी, वाचलं कुणीच नाही. मला हसू यायचं, पण माझं हसणंही टकटक असंच ऐकू येत असल्यानं ते कुणाला कळलं नाही.

रब्बीची पहिली यादी नोव्हेंबरच्या सतरा तारखेला निघाली, दुसरी डिसेंबरच्या पंधराला, तिसरी जानेवारीच्या बाराला. मला जेवढं आलं तेवढं मी मनापासून छापलं. शेवटची ओळ संपली की सटवाजी कागद फाडायचा, बन्सीधरभाऊ शेवटच्या नावाखाली गोल शिक्का मारायचे आणि यादी जायची. त्यानंतर माझ्या कोऱ्या कागदावर आणखी एक इशारा यायचा, एकटाच. त्याचाही कागद सटवाजी फाडून द्यायचा, त्यालाही आवक नंबर पडायचा. 'इशारा, नग एक.'

तिसऱ्या यादीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अकराच्या सुमाराला एक बाई कचेरीत आल्या. पोखर्णीकडच्या शेवटच्या चारीवरच्या बायनाबाई. वय पन्नाशीचं, पायांत मातीनं भरलेल्या चपला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला अर्ज. त्या थेट बन्सीधरभाऊंच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"यादीत मह्यं नाव न्हाई म्हणायलाय पाटकरी. ह्यो बगा मंजूर झालेला कागद. शिक्का तुमचाच हाय."

बन्सीधरभाऊंनी यादीची नक्कल काढली, बोट फिरवत खाली आले. बत्तीस नावं. बायनाबाईचं नाही.

"यादीत न्हाई म्हणजे पाणी न्हाई, बाई. यादी मशीनची हाय. म्या लिवलेली न्हाई."

"म्या मशीनचं काय घोडं मारलं?" बायनाबाई म्हणाल्या. "आन मह्या एकलीचं न्हाई. आमच्या कडंला नऊ घरं हायेत, नवाचं बी न्हाई."

मनकर्णानं मान वर केली. तिनं बायनाबाईंना बसायला सांगितलं, सटवाजीकडून पाणी मागवलं आणि संगणकात यादी उघडली. पडद्यावर एकेचाळीस नावं होती. तेहतीस ते एकेचाळीस, नऊची नऊ, जागच्या जागी. एकेचाळिसाव्या ओळीत बायनाबाई.

"मशीनमदी हायेत, कागदावर न्हाईत," ती म्हणाली.

बन्सीधरभाऊंनी माझ्याकडं बोट केलं. "मंग ह्या टकटक्याचंच डोकं फिरलंय. म्या पयल्यापसून सांगायलोय."

काय वाटलं असेल मला! मी नावं गिळली? मला तर ती मिळालीच नव्हती. आलेली ओळ मी कधी खाल्ली नाही. पण माझ्याकडून कोण बोलणार?

मनकर्णा बायनाबाईंसमोर येऊन उभी राहिली. "मावशी, मागल्या दोन पाळ्यांना आलतं का पाणी?"

"न्हाई आलं."

"मंग तवाच का आला न्हाईत?"

बायनाबाईंना तो प्रश्नच विचित्र वाटला. "शेवटच्या चारीला पाणी कवा येतं, माय? आलं तर आलं. वरच्यांनी घेतलं आसंल म्हणलं. बाकीच्यांची जवारी हाय, ती निभावती. म्या अवंदा पयल्यांदा गहू पेरलाय. शेजारच्या दगडाबाईच्या हिरीचं पाणी दोनदा घेतलं, आता तिला तळ लागलाय. गहू पोटरीत हाय. ह्या पाळीला न्हाई भेटलं तर दाना न्हाई भरायचा."

माझ्या सुया जागच्या जागी थिजल्या. म्हणजे नोव्हेंबरात नऊ घरं कोरडी राहिली होती, डिसेंबरात राहिली होती आणि कुणी विचारायलाही आलं नव्हतं. टोकाला पाणी पोचत नाही हे सगळ्यांनी इतकं धरून ठेवलं होतं की ज्यांचं पाणी गेलं त्यांनाही ते गेलेलं कळलं नाही. मला लाज वाटली. नावं मला मिळाली नव्हती हे खरं, पण बत्तिसावी ओळ छापून 'झालं बुवा काम' म्हणत थांबलो होतो तो मीच.

सोमवारी सकाळी कालव्याला पाणी सुटणार होतं. त्याच्या आत छापील नावं पाटकऱ्याच्या हातात पडायला हवी होती.

मनकर्णानं आधी मला तपासलं. संगणकाशिवाय, माझंच बटण दाबून मला छापायला लावलं, मी व्यवस्थित छापलं. तीच यादी इंग्रजी अक्षरांत मागितली, एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं आली. मराठीत मागितली, बत्तीस. इंग्रजी यादी देऊन भागणार नव्हतं, कारण पाटकऱ्याला इंग्रजी येत नव्हतं आणि परिपत्रकातही ते बसत नव्हतं. ती विचार करत असतानाच माझ्या कोऱ्या कागदावर तो एकटा इशारा आला. मनकर्णानं तो वाचला. डिव्हाइस सहा, ड्रेन टाइमआउट, आउटपुट डिस्कार्डेड. म्हणजे सहा नंबरच्या यंत्रासाठी ठरलेला वेळ वाट पाहिली, वेळ संपला, उरलेलं टाकून दिलं.

तिनं बन्सीधरभाऊंकडून आवक रजिस्टर मागितलं. पानं उलटत, बोट फिरवत गेली. नग बारा, नग बारा, नग बारा. मध्येच नग एक. तारीख सतरा नोव्हेंबर. पुन्हा नग बारांची रांग, मग पंधरा डिसेंबर, नग एक. मग काल, बारा जानेवारी.

"भाऊ, ह्या तीन तारखांना काय केलंतं आपण?"

बन्सीधरभाऊंनी जावक रजिस्टर ओढलं. त्याच तीन तारखांना तीन याद्या गेल्या होत्या, इशाऱ्याची नोंद होण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी. ज्या नोंदींना मी हसत होतो त्यांनीच धागा दिला. बन्सीधरभाऊंनी नियम पाळला नसता तर हे कुणाच्या बापालाही कळलं नसतं. हे मी मोकळेपणानं कबूल करतो.

पण सहा नंबरचं यंत्र म्हणजे कोण? इंजिनिअरनं नंबरांचा कागद ठेवला नव्हता. बाकीचे बारा इशारेही असेच नंबर घेऊन ओरडत होते. मनकर्णा साहेबांच्या खोलीत गेली, कर्नल पुन्हा कंपाइल करायची परवानगी मागायला. दार उघडं होतं म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाई, चालत्या यंत्राला हात लावायचा न्हाई. बंद पडलं तर नवाच्या जागी एकेचाळीस लोक येतील हितं."

"जुनं दुसऱ्या नावानं राखून ठेवते, साहेब. बिघडलं तर तेच पुन्हा लावते."

"आन लावताच आलं न्हाई तर? तुमी जाल गावाकडं. जिम्मा कोणाचा?"

"मह्या जिम्म्यावर."

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "लेखी द्या."

मनकर्णानं टिपणी लिहिली. त्या तीन कागदांचे आवक नंबर घातले, जावक नंबर घातले, नऊ नावं लिहिली. बन्सीधरभाऊंनी स्वतःहून खाली लिहिलं, 'रजिस्टरवरून पडताळले.' दत्तराव साहेबांनी ते दोनदा वाचलं. नोव्हेंबर आणि डिसेंबर वाचताना त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सही केली आणि रविवारी कचेरी उघडायला सांगितली.

रविवारी संक्रांत होती. सगळ्या घरांत तिळाचा वास सुटला असेल. इथं मात्र सकाळी नऊलाच मनकर्णा येऊन बसली, तिच्या मागं सटवाजी, आणि साडेनऊला पहिल्या बसनं बायनाबाई. त्या ओसरीवर भाकरीचं फडकं मांडीत घेऊन बसल्या.

"आता ह्या बारा जणांच्या गलक्यात त्यो सहा नंबर कसा धुंडावं?" सटवाजीनं विचारलं.

मनकर्णा हसली. "आमचे आबा सांजच्याला कोकरं एकदम सोडत न्हाईत. एकदम सोडली की समदी वरडत्यात, कोण कोणाचं काई कळत न्हाई. चार सोडायची. ती आईला लागून गप झाली की आणखी चार. शेवटाला जे एकटं वरडत ऱ्हातं त्याच्याकडं जायाचं."

तिनं तसंच केलं. कर्नलच्या फायलीत कितीतरी यंत्रांची नावं होती. त्यांतली जी आमच्याकडं नव्हतीच, टेप नव्हता, दुसरी फ्लॉपी नव्हती, लांबची टर्मिनलं नव्हती, अशी चार तिनं काढून टाकली आणि कर्नल कंपाइल केलं. एकदा कंपाइल व्हायला चाळीस मिनिटं लागायची. यंत्र सुरू झालं. मी इशारे छापले. आठ.

बाराचे आठ झाले! सटवाजी ओसरीवर जाऊन बायनाबाईंना सांगून आला. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण कमी होतंय म्हणजे बरं असावं म्हणून त्यांनी मान हलवली. दुसऱ्या खेपेला चार राहिले. तिसऱ्या खेपेला यंत्र सुरू झालं आणि माझ्याकडं एकही ओळ आली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच यंत्र सुरू होताना मी गप्प बसलो. जी यंत्रं आमच्याकडं नव्हतीच त्यांना नवं कर्नल रोज हाका मारत होतं, आणि त्या गलक्यात एक खरी हाक बुडून गेली होती.

आता मनकर्णानं मराठी यादी सोडली. बत्तीस नावं आली आणि खाली तोच इशारा, एकटा, सहा नंबरचा. पण आता कर्नलात तीनच यंत्रं उरली होती: पडदा, डिस्क आणि मी. पडदा एक नंबरचा, डिस्क तीन नंबरची, हे यंत्र सुरू होताना दिसतच होतं.

"ह्यो सहा नंबर आपला टकटक्याच हाय," मनकर्णा म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्याची काई चूक न्हाई. ह्यो मराठी दमादमानं लिवतो. कर्नल पंधरा सेकंदं थांबतंय आन ऱ्हायलेलं फेकून देतंय."

त्या एका वाक्यासाठी मी अडीच वर्षं तिथं बसलो होतो असं मला वाटलं.

पंधरा सेकंदांच्या जागी तिनं तीनशे लिहिले आणि चौथ्यांदा कर्नल कंपाइल करायला लावलं. तेव्हा दीड वाजला होता. पंचवीस मिनिटं झाली असतील आणि दिवे गेले.

"येलदरीला वीज तयार हुती म्हणं," सटवाजी म्हणाला. "तिथून हितं पायी निघाली वाटतं."

तीन वाजले, चार वाजले. पोखर्णीची शेवटची बस सहाला होती आणि पाटकरी त्याच गावात मुक्कामाला होता. दत्तराव साहेब घरून चालत आले, अंगात नवा सदरा. काळ्या पडद्यासमोर उभे राहिले. "वीज आली की जुनंच लावा, बाई. नशीब त्या लोकांचं."

"एकडाव, साहेब," मनकर्णा म्हणाली. "ह्या एका खेपेला मागं सरू नका."

साहेब ओसरीकडं बघत होते. तिथं बायनाबाई भाकरीचं फडकं घडी घालून, पुन्हा उलगडून, पुन्हा घडी घालत होत्या. साहेब खुर्ची ओढून बसले.

साडेचारला वीज आली. अर्धवट राहिलेलं सगळं टाकून मनकर्णानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाच वाजून वीस मिनिटांनी नवं कर्नल सुरू झालं. तिनं माझा कागद स्वतः लावला, एकेक भोक एकेका दातावर, आणि यादी सोडली.

मी सुरू झालो. कधी नव्हे एवढं लक्ष देऊन छापत होतो. तीस, एकतीस, बत्तीस. इथंच मी दर वेळी थांबलो होतो. सगळे माझ्यावर वाकले होते. पंधरा सेकंदं गेली, आणि तेहतिसावी ओळ आली! धुरपताबाई. मग मसाजी, मग तानुबाई, मग अंबाबाई, मग पुढची. माझ्या डोक्यात सुयाही नऊ, नावंही नऊ. शेवटी एकेचाळीस. बायनाबाई, गहू, वीस गुंठे, मंगळवार सकाळी सहा ते नऊ. कागद थांबला. खाली इशारा आला नाही.

बन्सीधरभाऊ कधी येऊन उभे राहिले होते ते कुणाला कळलंच नव्हतं. सणाच्या दिवशी ते शिक्का घेऊन आले होते. त्यांनी शेवटच्या नावाखाली शिक्का मारला आणि हात तसाच ठेवून उभे राहिले. "मागल्या दोन्ही याद्यांवर शिक्का म्याच मारला की," ते म्हणाले.

बायनाबाईंना वाचता येत नव्हतं. मनकर्णानं त्यांचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हे तुमचं, मावशी." त्यांनी ते बोट बराच वेळ उचललं नाही. मग कमरेच्या पिशवीतून तिळगुळाचे लाडू काढले, सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला आणि उरलेला एक माझ्या झाकणावर ठेवला. "टकटक्या, नीट बोल आता," त्या म्हणाल्या. पुढं सटवाजीनं तो लाडू खाल्ला ही गोष्ट वेगळी. नारळ संगणकाला मिळाला होता, पण तिळगूळ मला मिळाला.

सहाच्या बसनं यादी गेली. मंगळवारी दत्तराव साहेब स्वतः जीपनं टोकापर्यंत गेले. परत आल्यावर त्यांच्या बुटांना ओला चिखल होता. पाणी पोचलं हे मनकर्णाला तो चिखल बघूनच कळलं. मार्चात बायनाबाई ओंजळभर गहू घेऊन आल्या आणि बन्सीधरभाऊंच्या टेबलावर ओतून गेल्या. ज्वारीवाल्या आठ घरांचं नोव्हेंबर-डिसेंबरचं पाणी मात्र गेलं ते गेलंच. ते कुणाला परत देता आलं नाही.

पुढच्या पाळीपासून मनकर्णानं यादीला एक ओळ जोडली. नावं संपली की शेवटी छापायचं, 'यादी संपली. एकूण नावे एकेचाळीस.' ही ओळ दिसल्याशिवाय बन्सीधरभाऊ शिक्का मारत नसत. टोकाच्या बायकाही शिकल्या. पाटकऱ्याला म्हणायच्या, "ती शेवटली ओळ दाव आंदी."

त्या संक्रांतीनंतर चार वर्षांनी, बरोबर त्याच चौदा जानेवारीला, मराठवाड्याच्या विद्यापीठाला नवं नाव मिळालं. कचेरीत दिवसभर तीच बोलणी. वर्षानुवर्षं माणसं एका नावासाठी काय काय सोसतात ते ऐकत मी बसलो होतो आणि मला माझी नऊ नावं आठवत होती. त्याच उन्हाळ्यात नवा प्रिंटर आला, आवाज न करणारा. मनकर्णाची बदली येलदरीच्या कचेरीत झाली. जाताना तिनं माझ्यावर हे पोतं घातलं, धूळ बसू नये म्हणून. सटवाजीनं विचारलं, "फेकून द्यावं का ह्येला?" ती म्हणाली, "राहू द्या."

आता ऐकतोय की पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही. लोखंड कुणाच्यातरी खिडकीला, दाराला उपयोगी पडेल. फक्त एक करा. कुणी तुमच्यापुढं शिक्का मारलेला कागद ठेवला, तर वरून वाचू नका, आधी खाली बघा. शेवट आहे ना ते बघा. आणि टोकाला राहणारं माणूस गप्प असेल, तर त्याला सगळं मिळालं असं समजू नका, जाऊन विचारा.

माझ्या रुळावर अजून यादीच्या एका जादा नकलेचा कागद अडकलेला आहे. फाडताना सटवाजीनं नेहमीसारखा ओढला आणि खालचा तुकडा इथंच राहिला. अंधारातही मला तो पाठ आहे. निघताना तेवढा वाचून दाखवतो, म्हणजे मी मध्येच थांबलो नाही अशी तुमची खात्री होईल.

एकेचाळीस. बायनाबाई, गहू, वीस गुंठे. यादी संपली.